जुन्या हत्यारपेटीचे काय करावे : दुरुस्त, जतन की विक्री? घासण्याआधी पाळायचा क्रम

जुन्या हत्यारपेटीचा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोनच वेळांना निघतो : दिवाळीच्या आवराआवरीत, नाहीतर घराची वाटणी होताना. दोन्ही वेळा घाई असते आणि घाईत कामाचा क्रम उलटा होतो. आधी पेटी धुतली जाते, मग गंज खरवडला जातो, कोणीतरी गेटचा उरलेला चंदेरी रंग तिच्यावर मारतो, आणि त्यानंतर ‘याचे किती येतील?’ अशी चौकशी सुरू होते. तोपर्यंत पात्यावरचा शिक्का पुसट झालेला असतो, मुठींचे मूळ पॉलिश निघून गेलेले असते, आणि किंमत ठरवणारा पुरावाच उरलेला नसतो. म्हणून या लेखातला मुख्य आग्रह एकच आहे : निर्णय आधी घ्यावा, घासणे त्यानंतर, आणि तेही निर्णयाला लागेल तेवढेच.

पुढील टप्पे सुताराची लाकडी पेटी आणि फिटर किंवा मेकॅनिकची पत्र्याची पेटी, दोन्हींना लागू होतात. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

टप्पा १ : पेटी बाहेर काढणे आणि उघडणे

पेटी माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत, ढेलजेत किंवा शेतातल्या आखाड्यावर वर्षानुवर्षे पडून असेल, तर ती हात घालून उघडू नये. अशा पेट्यांत विंचू हमखास असतात. पेटी दिवसाउजेडी अंगणात आणावी, जाड हातमोजे घालावेत, झाकण काठीने किंवा लांब स्क्रू ड्रायव्हरने उचलावे आणि आतल्या वस्तू चिमट्याने हलवून पाहाव्यात. भरलेली पेटी कडीला धरून उचलू नये, कारण लाकूड सुकल्यावर कडीचे स्क्रू ढिले झालेले असतात. खालून दोन्ही बाजूंनी आधार द्यावा, त्यासाठी दोन माणसे लागली तरी चालेल.

कुलूप लागलेले असून किल्ली नसेल, तर कोयंडा उपटण्याआधी किल्ली बनवणाऱ्या कारागिराला दाखवावे. मूळ कुलूप, कडी आणि बिजागऱ्या शाबूत असतील तर पेटीची किंमत टिकते. कोयंडा उपटताना झाकणाची कडा फुटली, तर ती नीट बसवणे कुलूप उघडण्यापेक्षा महाग पडते.

इशारा : गंजलेल्या धारेने कापल्यास धनुर्वाताची लस घेतलेली आहे की नाही, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी.

टप्पा २ : फोटो आणि यादी

एकही वस्तू काढण्याआधी उघड्या पेटीचा वरून एक फोटो घ्यावा. कोणते हत्यार कुठल्या खाचेत बसत होते, हे या फोटोवरूनच नंतर कळते. मग प्रत्येक वस्तू स्वच्छ पोत्यावर मांडून, शेजारी फूटपट्टी ठेवून, पुढून आणि मागून तिचा फोटो काढावा.

यादीत चार रकाने पुरतात : वस्तू, तिच्यावरची खूण, दोष, आणि ती कोणाची होती. शेवटचा रकाना बहुतेक लोक सोडून देतात. तो भरण्यासाठी घरातल्या वयस्कर माणसांजवळ बसावे लागते, आणि ते काम पुढे ढकलता येत नाही. ‘हा वाकस (लाकूड तासायचे हत्यार) आजोबांचा, ही करवत चुलत्यांनी हैदराबादेहून आणलेली’ एवढी नोंदही पुढच्या निर्णयात उपयोगी पडते.

सुटे स्क्रू, पाचरी, लाकडी तुकडे फेकू नयेत. रंध्यात बसणारी लाकडी पाचर निरुपयोगी ढलप्यासारखी दिसते, पण ती हरवली की रंधा अपुरा राहतो.

टप्पा ३ : खुणा वाचणे

सर्वात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण भंगाराचा भाव आणि संग्राहकाचा भाव यांतला फरक बहुधा या खुणांवरच ठरतो.

खुणा ठरावीक जागी असतात. रंध्याच्या पात्यावर त्या वरच्या टोकाला असतात, पटाशीवर मुठीजवळच्या मानेवर, करवतीवर पात्याच्या मधोमध किंवा मुठीतल्या पितळी बटणावर, आणि पान्यावर दांड्यावर. खूण गंजात बुडाली असली तरी तिथे पॉलिश पेपर लावू नये. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, खडूची पूड बोटाने चोळावी आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरून पाहावे. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासली, तरी अक्षरे उमटतात.

वाचताना तीन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली म्हणजे ‘शेफील्ड’ हे नाव. ते इंग्लंडमधल्या पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराचे नाव आहे, कारखान्याचे नव्हे. तिथल्या असंख्य कारखान्यांनी ते वापरले, त्यामुळे शेजारी कोरलेले उत्पादकाचे नाव शोधावे लागते. दुसरी म्हणजे तारीख. स्टॅनले कंपनीच्या काही रंध्यांच्या अंगावर १९१० सालातल्या पेटंटची तारीख ओतलेली असते. ती पेटंटची तारीख आहे, रंधा त्यानंतर अनेक वर्षांनी बनलेला असू शकतो. तिसरी म्हणजे ‘कास्ट स्टील’ हे शब्द. जुन्या पटाश्यांवर आणि करवतींवर ते मुशीत वितळवलेल्या चांगल्या पोलादासाठी कोरलेले असत. त्यांचा अर्थ बीड असा घेऊन अनेकांनी उत्तम पटाश्या भंगारात घातल्या आहेत.

आपल्या मराठवाड्यात आणखी दोन खुणांकडे लक्ष द्यावे. निजामाच्या रेल्वेत नोकरी केलेल्या घरांतल्या पान्यांवर किंवा हातोड्यांवर ‘एन. एस. आर.’ (निजाम्स स्टेट रेल्वे) अशी इंग्रजी आद्याक्षरे सापडू शकतात, आणि ब्रिटिश काळातल्या सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. अशा खुणा असलेली वस्तू पूर्ण ओळख पटेपर्यंत बाजूला ठेवावी.

गावच्या लोहाराने घडवलेल्या वाकसावर किंवा छिन्नीवर बहुधा कसलीच खूण नसते. बाहेरच्या बाजारात त्यांना फारसा भाव येत नाही. माझे मत विचाराल तर पेटीत सर्वात आधी राखून ठेवावीत ती हीच हत्यारे, कारण स्टॅनलेचा रंधा पैसे देऊन पुन्हा मिळतो आणि ओळखीच्या लोहाराने बाभळीच्या दांड्याला बेतून दिलेला वाकस मिळत नाही.

पडताळणी : यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर खुणेचा मजकूर किंवा ‘खूण नाही’ असा शेरा आला का? रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ४ : दोष तपासणे

गंज पाहून घाबरू नये. पृष्ठभागावरचा तांबूस गंज निघतो. खरा प्रश्न असतो खड्ड्यांचा, तड्यांचा आणि पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरल्याचा.

पटाशी आणि रंध्याच्या पात्याची धार पाठीकडूनही सपाट असावी लागते. धारेलगत पाठीवर खोल खड्डे पडले असतील, तर ते पूर्ण निघेपर्यंत पाते झिजवावे लागते. तेवढे पोलाद शिल्लक नसेल तर ती वस्तू वापराच्या यादीतून वगळावी. पात्याच्या टोकाला निळसर डाग दिसला, तर कोणीतरी ग्राइंडरवर ते तापवले आहे. साधे कार्बन पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळे पडते आणि तिथवर तापलेल्या धारेचे पाणी उतरलेले असते, म्हणजे ती टिकत नाही. निळा भाग थंड ठेवत घासून काढावा लागतो किंवा जाणकाराकडून पात्याला पुन्हा पाणी द्यावे लागते.

बिडाच्या अंगाचा रंधा किंवा शिकंजा असेल तर तडा शोधावा. संशय असलेल्या जागी रॉकेल लावावे, थोड्या वेळाने ते कोरडे पुसून घ्यावे आणि वर खडूची पूड पसरावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पुडीवर ओली रेघ उमटते. तडा गेलेले बीड वेल्डिंग करून वापरायोग्य झाले, तरी संग्राहकाच्या दृष्टीने त्याचा भाव मोठ्या प्रमाणात उतरतो.

करवत डोळ्यासमोर धरून पात्याच्या लांबीत पाहावी. वाक आहे की नुसती मुठीकडची ढिलाई आहे, हे लगेच समजते. छिन्नीचे मारायचे टोक ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले असेल तर त्याचे कपचे उडून डोळ्यात जाऊ शकतात. असे टोक घासून सरळ केल्याशिवाय ती छिन्नी कोणाला वापरायला देऊ नये.

आता पेटीकडे वळू. लाकडी पेटीच्या तळाशी बारीक पीठ पडत असेल तर आत किडा जिवंत आहे, आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. दोन्ही बाबतींत उपचार होईपर्यंत पेटी घरातल्या सागवानी सामानाजवळ ठेवू नये. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि जोड उघडे दिसतात. श्रावणात तेच जोड पुन्हा मिटतात. त्यामुळे मे महिन्यात दिसलेली फट भरायची घाई करू नये, पावसाळ्यात फळी फुगली की ती भरणी फळीलाच चिरा पाडते.

पॉलिश कोणते आहे हे तळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासावे. कापसावर थोडे स्पिरिट घेऊन लावल्यावर पृष्ठभाग चिकट झाला, तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश आहे आणि ते खरवडून न काढता दुरुस्त होऊ शकते.

इशारा : रंगवलेली जुनी पेटी कोरडी घासू नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक ठरते.

टप्पा ५ : पेटी नेमकी कोणाची

हा टप्पा छोटा आहे, पण तो टाळल्यामुळे भावाभावांत वर्षानुवर्षांचा अबोला धरला गेल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात, आणि हा हक्क घर-शेतापुरता नसून जंगम वस्तूंवरही असतो. यादी आणि फोटो सर्वांना व्हॉट्सॲपवर पाठवून लेखी होकार घ्यावा. ‘ताईला कशाला हत्यारे हवीत’ असे गृहीत धरू नये. वडिलांचा गुण्या किंवा ओळंबा तिलाच जपून ठेवायचा असू शकतो.

टप्पा ६ : निर्णय

सर्वात मोठी चूक म्हणजे संपूर्ण पेटीसाठी एकच उत्तर शोधणे. निर्णय वस्तूगणिक करावा. अपवाद एकच : पेटी आणि हत्यारे एकाच उत्पादकाची असून प्रत्येक खाच भरलेली असेल, तर तो संच फोडू नये.

प्रत्येक वस्तूला पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत. घरातले कोणी ती पुढच्या वर्षभरात खरोखर वापरणार आहे का? असल्यास ती दुरुस्तीच्या ढिगात जाते. वापरणार नसेल, तर तिच्याशी घरातल्या एखाद्या माणसाचे नाव जोडलेले आहे का? असल्यास ती आहे तशी जतन करायची. तेही नसेल आणि वाचता येणारी उत्पादकाची खूण असेल, तर ती न घासता विकायची. यांपैकी काहीच नसेल आणि दोष गंभीर असेल, तरच भंगार.

वापराच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावे. ‘कधीतरी लागेल’ हे उत्तर नाही. काम करणाऱ्या सुताराने नव्या हत्यारांशी तुलना करूनच दुरुस्तीचा खर्च करावा. पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी झालेल्या कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, हे त्या हिशेबात धरावे. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाच्या पकडी आणि पाने यांसारखा माल आजही नवा मिळतो, त्यामुळे अशा जुन्या मालाला वापरापलीकडचा भाव क्वचितच येतो. तो चालत असेल तर वापरावा.

विक्रीसाठी दुरुस्ती करायची असेल तर माझा नियम सोपा आहे : साहित्य आणि मजुरी मिळून खर्च अपेक्षित किमतीच्या निम्म्यापेक्षा वर जात असेल तर दुरुस्ती करू नये. बहुतेक पेट्यांच्या बाबतीत शेवटी असे ठरते की पेटी आणि पाच-सहा हत्यारे घरात राहतात, दुहेरी असलेली विकली जातात, आणि रंग कशालाच दिला जात नाही.

पडताळणी : निर्णय घेतल्यावर चार दिवस तसेच थांबावे. त्या काळात कोणी हरकत घेतली नाही, तर पुढचे काम सुरू करावे.

टप्पा ७ : दुरुस्ती, सौम्य ते तीव्र या क्रमाने

दुरुस्तीच्या ढिगातली प्रत्येक वस्तू सर्वात सौम्य उपायापासून सुरू करावी आणि काम भागले की तिथेच थांबावे.

पहिला उपाय रॉकेल आणि सर्वात बारीक स्टील वूल. रॉकेलात रात्रभर भिजवून हलक्या हाताने घासल्यास बराचसा गंज सुटतो आणि खालचा जुना काळसर रंग राहतो. तो राहू द्यावा, तो गंजापासून थोडेफार संरक्षणही देतो.

दुसरा उपाय लिंबूसत्त्व. लिटरभर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवून त्यात फक्त लोखंडी भाग बुडवावा आणि दर तासा-दोन तासांनी काढून पाहावा. रात्रभर विसरलेले पाते करडे आणि खरबरीत होऊन निघते, बारीक शिक्केही पुसट होतात. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, लगेच फडक्याने पुसून उन्हात ठेवावे आणि कोमट असतानाच तेल लावावे. ओले ठेवलेले लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस होते. संडास धुण्याचे ॲसिड मात्र कधीही वापरू नये. ते लोखंड खाते, कठीण पोलादाला आणि स्प्रिंगांना ठिसूळ करते, आणि त्याच्या वाफेने शेजारची चांगली हत्यारेही गंजतात.

तिसरा उपाय विजेचा. प्लॅस्टिकच्या बादलीत दर लिटरला सुमारे १५ ग्रॅम धुण्याचा सोडा घालावा, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार हत्याराला आणि धन तार निरुपयोगी साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडावी, आणि दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. धन बाजूला स्टीलचे भांडे किंवा चमचा लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती उघड्यावर आणि विडी-सिगारेटपासून दूर करावी. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. ॲल्युमिनियमचे आणि मुलामा दिलेले भाग या बादलीत जाता कामा नयेत.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे एक चूक सर्रास होते. घरात करडईचे तेल असते, तेच बिजागरीला आणि पान्याच्या आट्यांना लावले जाते. करडई आणि जवस ही सुकणारी तेले आहेत. काही महिन्यांत त्यांचा चिकट थर होतो आणि फिरणारा भाग जाम बसतो. फिरणाऱ्या भागांना शिलाई मशीनचे तेल लावावे. जवसाचे तेल लाकडी मुठींसाठी उत्तम आहे, पण अगदी पातळ हात द्यावा आणि वीस मिनिटांनी उरलेले पुसून घ्यावे.

इशारा : जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक फडके पसरून बाहेर वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

धार लावताना ग्राइंडर टाळावा. वापरायचाच असेल तर पाते हाताला चटका बसण्याआधी पाण्यात बुडवत राहावे, आणि शेवटची धार दगडावरच काढावी.

टप्पा ८ : विक्री

किंमत शोधताना विक्रेत्याने मागितलेला भाव पाहू नये, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचा भाव पाहावा. छत्रपती संभाजीनगरातल्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात वापरायच्या हत्यारांना गिऱ्हाईक मिळते. संग्राहकांसाठीच्या मालाची चौकशी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात करावी. तिथे माल घेऊन जाण्याऐवजी आधी फोटो दाखवून दोन-तीन ठिकाणचे भाव घ्यावेत, कारण वजनदार पेटी गाडीभाडे भरून नेल्यावर ती परत आणायची नाही म्हणूनच माणूस मिळेल त्या भावाला तयार होतो.

जाहिरातीत दोष लपवू नयेत. तडा, बदललेली मूठ, पुन्हा दिलेला रंग, सगळ्याचे फोटो द्यावेत. ऑनलाइन व्यवहारात पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. ‘कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील’ असे सांगणारा गिऱ्हाईक नसून ठग आहे.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर एक काळजी जास्त घ्यावी. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार निदान शंभर वर्षे जुनी, जुन्या कलेचा किंवा कारागिरीचा नमुना ठरणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही आणि तिच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. परदेशी गिऱ्हाइकाने कितीही चांगला भाव दिला, तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पार्सल करू नये.

भंगारात द्यायचेच असेल तर पितळ आणि तांबे आधी चुंबकाने वेगळे करावे. त्यांना लोखंडाच्या कित्येक पट भाव असतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांमुळे आपल्याकडे लोखंडी भंगाराला मागणी कायम असते, त्यामुळे पहिल्याच गाडीवाल्याला होकार द्यायचे कारण नाही. वजन आपल्यासमोर करून घ्यावे.

टप्पा ९ : जतनासाठी ठेवणे

लोखंडी भागांवर मशीन तेलाचा पातळ हात द्यावा आणि प्रत्येक धार कोरड्या सुती कापडात गुंडाळावी. वर्तमानपत्र ओल धरते. पेटी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. पत्र्याच्या शेडमध्ये ती ठेवू नये, आणि आखाड्यावर युरियाच्या किंवा इतर खतांच्या पोत्यांजवळ तर मुळीच नाही. ही खते हवेतला ओलावा ओढतात आणि त्यांतले क्षार लोखंडाला लवकर खातात.

खंडेनवमीला हत्यारे काढून पूजा केली, की हळद-कुंकू, पाणी आणि फुले दुसऱ्या दिवसापर्यंत पात्यावर राहतात आणि नेमके तिथेच गंजाचे ठिपके पडतात. हळद-कुंकू मुठीला लावावे. पात्याला लावले असेल तर संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तेल द्यावे. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर, पेटी उघडून तळाशी पीठ पडले आहे का आणि तेलाचा हात टिकला आहे का, एवढे पाहावे. यादीची एक प्रत झाकणाच्या आत चिकटवावी, आणि एखादे हत्यार कोणी नेले तर तिच्यावरच नाव आणि तारीख लिहावी.